पेशंटबाईंची नाडी

पेशंटबाईंना आजवर एकही मोठा आजार झालेला नाही, आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या एकाही परीक्षेला त्या आजवर धडधाकट आलेल्या नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला नोकरी तशी लागते. बाईंची तशी होती.

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींच्या तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षेला रुग्ण लागतात. खऱ्या रुग्णांची अडचण ही, की ते वेळापत्रक पाहून आजारी पडत नाहीत. कोणी ऐन वेळी बरा होतो, कोणी ऐन वेळी त्याच्या उलट करतो, आणि उरलेले विद्यार्थ्याला कंटाळून आपला आजार स्वतःच सांगून टाकतात. म्हणून महाविद्यालय नट-नट्यांना बोलावून त्यांना आजार वाटून देत असे. बाई पूर्वी एका नाटक कंपनीत होत्या. प्रेक्षक घरी बसू लागल्यावर कंपनीही घरी बसली, आणि बाईंना उरलेला एकमेव रंगमंच म्हणजे परीक्षागृहातली पडद्याआडची खाट. इथे प्रेक्षक एका वेळी एकच असायचा, तोही थरथरत असायचा आणि मध्येच उठून जाऊ शकत नव्हता. नाट्यव्यवसायात याहून चांगली परिस्थिती बाईंनी पाहिली नव्हती.

बाईंचा मुतखडा प्रसिद्ध होता. अर्धशिशी नाजूक होती. पण खरी गाजली ती त्यांची अपेंडिक्सची कळ. एका परीक्षेत ती इतकी हुबेहूब वठली, की चुकून आत आलेल्या वॉर्डबॉयनी त्यांना उचलून स्ट्रेचरवर घातलं आणि थेट ऑपरेशन थिएटरच्या दारात नेलं. तिथल्या सर्जननी पोट दाबून पाहिलं, बाई कळवळल्या, सर्जन म्हणाले, "घ्या आत." शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम मागून धावत आल्या म्हणून अपेंडिक्स जागेवर राहिलं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"पडदा कुठे पडला होता?" बाई म्हणाल्या. "पण त्या सर्जनना दाद देता येते हो."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवे प्राचार्य आले आणि त्यांनी बाहुला आणला.

बाहुला पूर्ण माणसाएवढा होता. तो डोळे मिटायचा, उघडायचा. त्याच्या कपाळावर बारीक छिद्रं होती, त्यातून घाम यायचा. मनगटाला हात लावला तर नाडी लागायची, आणि ती किती असावी हे बाजूच्या संगणकावर बसलेला माणूस ठरवायचा. त्याला ठेवायला एसी खोली दिली गेली. दिवसभर एसीत पडून राहायचं, दिमतीला सतत कोणीतरी उभं, आणि काही बिनसलं तर दोष घरच्यांचा, हे पाहून कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. ते प्राचार्य सोडून सगळ्यांच्या तोंडी बसलं.

प्राचार्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. माणूस सरळ होता, वाईट बातमी तो चहाच्या आधीच देत असे.

"बाई, तुम्ही कण्हता उत्तम. पण तुमचं तोंड म्हणतं मी मरतेय, आणि नाडी म्हणते मी चहा पितेय. विद्यार्थ्यानं विश्वास कोणावर ठेवायचा?"

"तोंडावर," बाई म्हणाल्या. "संवाद त्याला दिलेत."

"यंदा आपण एकच आजार दोन खाटांवर ठेवतोय. रक्तातली साखर एकदम उतरलेला रुग्ण. घाबराघुबरा, गार घाम, हाताला कंप, नाडी जोरात. एका खाटेवर तुम्ही, शेजारी आपला..." इथे प्राचार्यांनाही तेच नाव तोंडाशी आलं असावं, कारण ते थांबले. "आपलं यंत्र. बाहेरून परीक्षक येतायत, ते सांगतील तसं. तुमची नाडी वाढली नाही, तर पुढच्या वर्षीपासून नट मंडळी बंद. मला वाईट वाटेल, पण बंद."

"एवढंच ना?" बाई पर्स उचलत म्हणाल्या. "नाडी पण करते."

बाईंचा सूर असा होता, जणू नाटकात एखादं गाणं जास्तीचं म्हणायला सांगितलं असावं.

त्या संध्याकाळी बाई सोफ्यावर आडव्या झाल्या, डोळे मिटले आणि हृदयाला जोरात चालायचा हुकूम सोडला. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. ते समोर बसून बायकोचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होते.

"काही वाढली?"

"आहे तेवढीच आहे."

"आता?"

"अगं, आता तर थोडी कमी झाली. तुला झोप येतेय का?"

बाई रागावल्या. "सगळं आयुष्य या शरीराला खाऊ घातलं, आणि एक काम सांगितलं तर ऐकत नाही!"

"मुलगा पण नाही का तुझ्यावरच गेलाय," यजमान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आडवळणं धरली. परीक्षेआधी जिने चढले तर? त्यांनी इमारतीचे जिने चढून पाहिले. नाडी वाढली, पण सोबत तोंड लालबुंद झालं, घाम ऊन आला, आणि श्वास खाली बसताच नाडीही गुमान खाली बसली. कपाळावर पाण्याचे थेंब शिंपडून पाहिले. त्या नाटकातल्या न्हाऊन आलेल्या नायिकेसारख्या दिसायला लागल्या. यजमानांनी लिफ्ट-मेकॅनिकच्या बुद्धीला सुचेल ते केलं, म्हणजे दाराआड लपून अचानक "भॉक!" केलं. नाडी उडाली हे खरं, पण तिच्याबरोबर बाईंच्या हातातलं उलथनंही उडालं, आणि यजमान पुढचे काही दिवस एका कानाने ऐकत होते. शिवाय परीक्षागृहात खाटेखाली नवरा लपवायची सोय नव्हती.

शेवटी बाई शरीरक्रियाशास्त्राच्या मॅडमकडे गेल्या. मॅडमच्या खोलीत एक मानवी सांगाडा होता, त्याच्या खांद्यावर मॅडमची छत्री अडकवलेली होती.

"मॅडम, मला घाम आणि नाडी शिकवा."

"ते कोणालाच येत नाही, बाई. त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात."

मॅडमनी फळ्यावर एक माणूस काढला आणि त्याच्या आत दोन रंगांच्या रेघा. हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी, डोळ्यांच्या बाहुल्या, लाळ, रक्तवाहिन्या, हा सगळा कारभार ही संस्था आपल्याला न विचारता चालवते, असं त्यांनी समजावलं. आता नावाने स्वायत्त असलेल्या संस्था जगात पुष्कळ आहेत. वरून फोन आला की त्यांची स्वायत्तता चहा प्यायला बाहेर जाते. मात्र ही एकच संस्था अशी, की वरून, म्हणजे खुद्द मेंदूतल्या मोठ्या साहेबांकडून, कितीही फोन आले तरी ती उचलत नाही.

"तिच्या दोन शाखा," मॅडम म्हणाल्या. "एक अनुकंपी. संकट आलं की ती धावते. हृदय जोरात, तोंड कोरडं, घाम, पचन बंद. दुसरी परानुकंपी. संकट गेलं की ती सगळं शांत करते, जेवण पचवते."

"संकटात छाती धडधडवते आणि घशाला कोरड पाडते, आणि नाव अनुकंपी?"

"नाव मी ठेवलेलं नाही."

"तसं हे सगळं आपण रोज बोलतोच की," बाई बोटं मोजू लागल्या. "पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो, हातपाय गार पडतात, तोंडाला पाणी सुटतं, कानशिलं तापतात..."

"बरोबर. आणि यातलं एकही 'मी करते' असं आपण म्हणत नाही. येतं, सुटतं, पडतं, तापतं." मॅडम खडू झटकत म्हणाल्या. "आणखी एक सांगते. हृदय मोकळं सोडलं तर मुळात बरंच जोरात चालेल. परानुकंपी शाखेनं त्याच्यावर सतत हलका ब्रेक दाबून धरलेला असतो. घाबरलं की आधी ब्रेक सुटतो, मग वरून रेटा येतो."

हे बाईंनी घरी सांगितलं तेव्हा यजमान एकदम ताठ बसले. लिफ्टचा ब्रेकही असाच मुळात लागलेला असतो, चालवायचं म्हणजे तो सोडवायचा, असं म्हणून त्यांनी जेवण होईपर्यंत लिफ्टची रचना सांगितली. शरीर ज्याने कोणी बनवलं असेल त्याच्याबद्दल त्या दिवसापासून त्यांचा आदर वाढला.

मॅडमनी पुढची गोष्ट बाईंना करूनच दाखवायला लावली होती. "तोंडात लाळ आणा बघू." बाईंनी जोर लावला, काही नाही. "आता पिवळंधमक लिंबू समोर धरा. सुरी लावा. फोड उचला. जिभेवर पिळा." बाईंना आवंढा गिळावा लागला.

"हुकूम ऐकत नाही ती," मॅडम म्हणाल्या, "पण गोष्ट सांगितली तर ऐकते. तिला खरं-खोटं फार कळत नाही. तुम्ही नटी आहात, तिला गोष्ट सांगा."

बाई घरी आल्या आणि आपल्या आयुष्यातली सगळ्यात भीतिदायक गोष्ट शोधून काढली. ती फार शोधावी लागली नाही. कंपनीत असताना एकदा तिसऱ्या अंकात त्या वाक्य विसरल्या होत्या. समोर भरलेलं नाट्यगृह, डोळ्यांवर दिवे, समोरचा नट वाट बघत उभा, आणि डोक्यात पांढरंशुभ्र. पहिल्या रांगेत कोणीतरी खोकलं. तो खोकला बाईंच्या अजून कानात होता.

त्यांनी सोफ्यावर बसून तो अंक पुन्हा उभा केला. दिवे. शांतता. खोकला.

"अगं!" यजमान ओरडले. "वाढली! शंभरच्या वर गेली! आणि हात बघ किती गार!"

बाईंनी डोळे उघडले. रंगभूमीवर अनेकांनी अनेक प्रकार हाताळले असतील, पण स्वतःची घामाची ग्रंथी हाताळणारी आपणच पहिली, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यांनी मॅडमना फोन केला, बहिणीला फोन केला, आणि नंतर बहिणीच्या विहिणीलाही.

मग तालीम सुरू झाली. बाई तालमीच्या बाबतीत कडक. सकाळी उठल्यावर एकदा, यजमान कामावरून आले की एकदा, पाहुणे आले तर त्यांच्यासमोर एकदा. दिवे, शांतता, खोकला. दिवे, शांतता, खोकला. पहिल्यांदा नाडी धावली. मग ती चालू लागली. मग एके दिवशी बाई त्या आठवणीत उभ्या असताना त्यांना एकदम दिसलं, की समोरच्या नटाची मिशी अर्धी सुटलेली होती, आणि त्यांना हसू आलं.

"आहे तेवढीच," यजमान म्हणाले.

भीतीला रोज ठरल्या वेळी कामाला लावलं, की तीही नोकरदार होते. हजेरी लावते, काम करत नाही.

बाईंनी दुसऱ्या भीती बाहेर काढल्या. लहानपणीचा कुत्रा. विमानाचा प्रवास. एकदा हरवलेला मुलगा, जो शेजारच्या घरात टीव्ही बघत सापडला होता. एकेक दोन दिवस टिकली आणि मवाळ झाली.

"आपलं लग्न आठव," यजमानांनी मदत केली.

"ते आठवलं की झोप लागते."

"सोडून दे ना आता. बाहुला तो बाहुला. तो करील नाडी, तू कण्हायला मोकळी."

कंपनीच्या दिवसांत खलनायकाकडे बघत, तसं बाईंनी यजमानांकडे पाहिलं. "अहो, कंपनी बंद झाली तेव्हा मी काही बोलले नाही. प्रेक्षक नव्हते, काय बोलणार? पण इथे प्रेक्षक आहेत. दरवर्षी नवे येतात. त्यांना मी सांगते कुठे दुखतं, कसं दुखतं, कोणत्या शब्दानं विचारलं तर जास्त दुखतं. रबराच्या एका जावयासाठी मी उठून जाऊ? मी नाही उठणार त्या खाटेवरून. मला उठवायचं तर स्ट्रेचर आणा."

यजमानांनी त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळ काढलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षागृहात पडदे लावून खण केले होते. घंटा वाजली की विद्यार्थी आत, घंटा वाजली की बाहेर. बाईंच्या डाव्या हाताला जावईबापू पडले होते. त्यांचा संगणक, त्यांचा माणूस, त्यांच्यासाठी जादा पंखा. बाहेरून आलेले परीक्षक बारीक, आंबट चेहऱ्याचे होते. ते खुर्ची ओढून अशा जागी बसले, की दोन्ही खाटा दिसाव्यात. प्राचार्य मागे उभे. मॅडम खिडकीपाशी.

पहिले काही विद्यार्थी जावईबापूंकडे गेले. मनगटाला हात लावायचा, नजर मात्र संगणकाच्या पडद्यावरच्या आकड्याकडे. आकडा चोख होता. घामही वेळेवर आला.

बाई खाटेवर पडून कण्हत होत्या. कण्हणं पहिल्या दर्जाचं होतं. हाताचा कंप असा, की हातातला पाण्याचा पेला वाजत होता. आणि आत, अंधाऱ्या मांडवात, नाडी निवांत बसली होती. बाईंनी तिला खोकला ऐकवला, कुत्रा दाखवला, विमान पाडलं. काही उपयोग नाही. खरी गोम बाईंच्या आत्ता लक्षात आली. बाकीच्या जगाला रंगमंचावर धडधडतं. बाईंना रंगमंचावर बरं वाटत असे. भूमिकेत शिरल्या, की आयुष्यात कुठेच नसेल इतक्या त्या स्वस्थ असत.

घंटा वाजली. पडदा सारून एक उंच मुलगी आत आली. वाकलेली, कोटाचं बटण चुकीच्या काजात लावलेलं. तिचा चेहरा पाहून रुग्ण कोण, असा प्रश्न कोणालाही पडला असता.

"काय... काय होतंय तुम्हाला, काकू?"

"घाबरं घाबरं होतंय गं. सकाळपासून काही खाल्लं नाही, आणि डायबेटिसची गोळी तेवढी घेतली..."

मुलीने बाईंचं मनगट हातात घेतलं. हात बर्फासारखा. मग तिने आपला अंगठा बाईंच्या नाडीवर घट्ट दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ओठांनी मोजायला लागली.

बाईंना कळलं. पहिल्या दोन ठोक्यांत कळलं. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. अंगठ्याने नाडी बघणारा आपलीच नाडी मोजतो. म्हणून बोटांनी बघायची, अंगठ्याने नाही, हे मॅडम पहिल्या वर्षी शिकवतात, आणि ते बाईंनी खाटेवर पडून इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यांच्या यजमानांनाही पाठ होतं. घाबरलेली पोरगी ते विसरली होती. आणि ती घाबरलेली असल्यामुळे तिचा अंगठा काय सांगणार, हेही उघड होतं.

"एकशे वीस," मुलगी म्हणाली. "नाडी खूप जोरात आहे, सर."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. प्राचार्य एक पाऊल पुढे आले. पडद्याच्या फटीतून जावईबापूंचा माणूसही डोकावला. प्राचार्यांच्या तोंडावर, ज्याला पराभव मान्य करायलाही आवडतं, अशा सरळ माणसाचं हसू पसरायला लागलं.

बाई जिंकल्या होत्या. तोंड उघडायचीही गरज नव्हती. भूमिकेतल्या रुग्णाला अंगठा आणि बोट यातलं काय कळतं? त्या गप्प राहिल्या असत्या, तर नाट्यधर्म पाळला असता, खाट राखली असती, आणि ही उंच मुलगी पास होऊन उद्या एखाद्या खऱ्या वॉर्डात, खऱ्या मनगटावर, आपलाच जीव मोजत बसली असती.

खाटेवरून उठणार नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. पण खाटेवर पडून राहायचं कशासाठी, हेही त्यांनी त्याच दमात यजमानांना सांगितलं होतं, आणि आता ते आठवलं. बोलायचं. बोलून टाकायचं. त्यांनी मनात ठरवलं मात्र, आणि पोटात गोळा आला. आता ही खरी मोजणार. आता सत्तर निघणार. आता संपलं. घशाला कोरड पडली. तळहातांना गार घाम फुटला. कानांत काहीतरी धाडधाड वाजू लागलं, आणि ते जावईबापूंचं यंत्र नव्हतं.

"बाळ," बाई रुग्णाच्याच खोल आवाजात म्हणाल्या, पडदा पडलेला नव्हता ना, "मागच्या डॉक्टरांनी की नाही, बोटांनी बघितली होती. अंगठा नव्हता लावला."

मुलगी दचकली. तिने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मॅडम खिडकीपाशी डोळे मिटून उभ्या होत्या, म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं.

"सॉरी, सर. मी... पुन्हा मोजते."

तिने तीन बोटं टेकवली. या वेळी घड्याळाकडे बघताना ती ओठ हलवत नव्हती. बाईंनी डोळे मिटले आणि वर्षानुवर्षांची खाट सोडायची तयारी केली.

"एकशे अठरा," मुलगी म्हणाली. तिने बाईंचा तळहात उलटा केला, हाताने पुसला. "आणि हात गार आहे, ओला आहे. काकू, मी तुम्हाला आधी साखरेचं पाणी देते, मग बाकीचं बोलू. घाबरू नका."

परीक्षक उठले. त्यांनी स्वतः तीन बोटं लावली, बराच वेळ मोजलं, आणि आंबट चेहऱ्याने म्हणाले, "हं." मग त्यांनी मुलीच्या कागदावर काहीतरी लिहिलं. लिहिताना अंगठ्याबद्दल एक वाक्य बोलले, ते मुलगी जन्मात विसरणार नाही अशा आवाजात. पण नापास केलं नाही.

परीक्षा संपल्यावर प्राचार्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. "बाई, काय अभिनय! हे जमवलं कसं तुम्ही?"

"अभिनय नव्हता तो. मी घाबरले होते."

"वा!" प्राचार्य परीक्षकांकडे वळले. "बघा, मोठे कलाकार असेच बोलतात."

परीक्षक म्हणाले, "यंत्र ठीक आहे. पण विद्यार्थी त्याच्या मनगटाकडे बघत नाहीत, संगणकाकडे बघतात. आणि अंगठा चुकला तर ते काही बोलत नाही. यांना राहू द्या."

जावईबापूंना दोघांनी उचलून एसी खोलीत नेलं.

मॅडम बाईंना फाटकापर्यंत सोडायला आल्या. "ब्रेक कधी सुटला?" त्यांनी हळूच विचारलं.

"खरं बोलायचं ठरवलं, तेव्हा."

"मला वाटलंच," मॅडम म्हणाल्या, आणि छत्री उघडली.

घरी यजमान दारातच उभे होते. सगळं ऐकल्यावर ते सोफ्यावर टेकले. लिफ्टवाल्या माणसाला यंत्र एकदा चाललं याचा आनंद नसतो, ते दुसऱ्यांदा चालेल का याची काळजी असते.

"पण पुढच्या परीक्षेला काय करशील? ही भीती पण दोन दिवसांत नोकरदार होईल."

"त्याचा विचार केलाय मी येताना." बाई सॅंडल काढत शांतपणे म्हणाल्या. "दर परीक्षेआधी काहीतरी एक खरं बोलायचं ठरवायचं. आजवर बोलले नाही असं. साठा भरपूर आहे घरात. तुमच्या बहिणीबद्दल आहे, त्या सोफ्याबद्दल आहे, तुमच्याबद्दलच म्हणाल तर दोन-तीन वर्षं सहज पुरेल."

"माझ्याबद्दल काय?"

बाईंनी पर्स बाजूला ठेवली. त्या यजमानांच्या शेजारी बसल्या, त्यांचं मनगट हातात घेतलं, तीन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे बघायला लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमची का वाढली?"